प्रिपेअरचा गोतावळा

इंग्रजीतला शब्द एकटा कधी येत नाही, गोतावळा घेऊन येतो. घोडपदेवच्या वाचनालयात माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या बायकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. एकाची ओळख करून घेतली आणि त्याच्या भावंडांकडे पाठ फिरवली, तर ऐन वेळी समोरचा माणूस नेमकं धाकटं भावंड पुढे करतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. मी नलू खरे, राहणार दादर. सगळी नोकरी विमा कंपनीच्या कचेरीत साहेबांची पत्रं टाइप करण्यात गेली. इंग्रजी मी कॉलेजात शिकले नाही, साहेबांच्या चुका गुपचूप दुरुस्त करता करता शिकले. आता आठवड्यातून तीन दुपारी शिकवायला येते. फुकट शिकवते, म्हणून रागावण्याचा हक्क राखून ठेवते.

सीमा घाडी आली ती ओळखपाळख न करता थेट टेबलापाशी. मोबाइलमध्ये तिने एका नोटिशीचा फोटो काढून आणला होता. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये ती दहा-अकरा वर्षं भाजी चिरत होती. पेशंटांसाठीचं निवडणं, चिरणं, वाटणं, वेगवेगळ्या पथ्याचं वेगवेगळं काढून ठेवणं, सगळं. आता किचन एका नव्या कंपनीने घेतलं होतं. चिराचिरी बंद होणार होती. भिवंडीच्या पलीकडे कंपनीचं मोठं किचन होतं, तिथून चिरलेली भाजी पिशव्यांतून टेम्पोने येणार होती. परळला जुन्या बायकांतली फक्त एक ठेवणार, ‘प्रेप सुपरवायझर’ म्हणून. बाकीच्यांनी भिवंडीला जायचं, नाहीतर घरी बसायचं. महिन्याभराने इंटरव्ह्यू, तोही इंग्रजीत.

तिने मला विचारलं, प्रेप म्हणजे काय. मी म्हटलं, प्रिपरेशन, तयारी. ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाली, सकाळपासून तयारी तर मीच करते, मग त्याला इंग्लिश कशाला पाहिजे? मी तिला खरं ते सांगितलं. तयारी करणं वेगळं आणि तयारीबद्दल बोलणं वेगळं, आणि जगात खुर्ची बोलणाऱ्याला मिळते. तिला ते पटलं असावं, कारण तिने पिशवी खाली ठेवली आणि बाकावर बसली.

मग तिने जे सांगितलं त्यावरून मला कळलं की ही बाई मागे हटणारी नाही. त्या किचनमध्ये आजवर चार सुपरवायझर येऊन गेले. चौघेही कोवळी पोरं, गळ्यात कार्ड, तोंडात इंग्रजी. कुणाचा डबा बिनमिठाचा, कुणाच्या भाजीत टोमॅटो चालत नाही, डायलिसिसवाल्यांची बटाट्याची भाजी कशी करायची, यातलं एकालाही काही ठाऊक नव्हतं. सीमाने शिकवायचं, त्यांनी शिकायचं, आणि वर्षभरात तयार होऊन कुठल्यातरी हॉटेलात मोठ्या पगारावर निघून जायचं.

“चौघांना मी तयार केलं, बाई,” ती म्हणाली. “आता पाचवी मी. मला घरी पण बसायचं नाही आणि भिवंडीला पण जायचं नाही.”

त्या दुपारी मी फळ्यावर प्रिपेअर लिहिला आणि त्याचं अख्खं खानदान खाली बसवलं. प्रिपेअर हा घरातला थोरला, कोट घालून हिंडणारा. कागदावर, भाषणात, साहेबापुढे तो चालतो. घरात त्याला कुणी विचारत नाही. चहा कुणी प्रिपेअर करत नाही, चहा मेक करतात. माणूस स्वतः तयार होतो तेव्हा गेट रेडी, म्हणजे आपलं आवरणं. बाई साडी नेसून केस विंचरून दारात उभी राहिली की आपण “तयारी झाली का” असं विचारत नाही, “आवरलं का” विचारतो. हे सांगितल्यावर वर्गातल्या बायका एकदम माना डोलवायला लागल्या, कारण ‘आवरलं का’ हा प्रश्न जन्मभर त्यांच्याच डोक्यावर बसलेला. इकडून तिकडून गोळा करून जमवायचं ते अरेंज, ती आपली जुळवाजुळव. ताटं, ट्रे, भांडी जागच्या जागी मांडायची ते सेट. माणसाला शिकवून तयार करायचं ते ट्रेन. कामाच्या आधी काम करून बघायचं ते रिहर्स, म्हणजे तालीम. आणि शेवटचा ब्रेस. वाईट काहीतरी येणार हे दिसतंय, म्हणून मन घट्ट करून उभं राहायचं.

सीमाने विचारलं, तयारी वाईटाची पण असते? मी म्हटलं, बये, विमा कंपन्या दुसऱ्या कशावर जगतात?

शिकायला ती चांगली होती. भांडून शिकायची, आणि भांडून शिकणाऱ्यांवर माझा जीव आहे. चार सुपरवायझर मी ‘प्रिपेअर’ केले म्हणू का, असं तिने विचारलं, तर मी सांगितलं, ट्रेन्ड म्हण, नाहीतर त्यांना वाटेल तू पोरं शिजवलीस. ती इतकी हसली की ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. वहीत शब्द बिनचूक उतरवायची. कुठे मेक, कुठे सेट, कुठे अरेंज, हे आठवड्यात तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

अडलं ते तोंडापाशी. इंटरव्ह्यूत काय काय विचारतील याचा अंदाज बांधून मी तिला प्रश्न आणि उत्तरं लिहून दिली. तिने ती आरतीसारखी पाठ केली. आरती मधून म्हणता येत नाही, तशी ही उत्तरंही तिला मधून येईनात. तिसऱ्या वाक्याचं काही विचारलं की गाडी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू. एखादा शब्द मी मुद्दाम बदलला, गेट रेडीच्या जागी सेट अप म्हटलं, की चेहरा कोरा. मग डोळे मिटून पुटपुटत सगळं पहिल्यापासून. मी चिडले. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही म्हणून महिनाभर आधी कुदळ हाणली, तर हिच्या विहिरीला पाणीच लागेना. मी तिला तसं तोंडावर बोलले. तिने ऐकून घेतलं, वही पिशवीत टाकली आणि गेली. पुढचा सगळा आठवडा ती वर्गाला आली नाही.

मला वाटलं, रुसली. आपलं तोंड फाटकं आहे हे मला ठाऊक आहे. पण इंटरव्ह्यू पंधरा दिवसांवर आलेला आणि ही बाई घरी बसलेली, हे मला सहन होईना. रविवारी दुपारी मी तिची चाळ शोधत गेले. जिन्यातच पखवाज ऐकू आला. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत सतरंजी अंथरली होती. एक गृहस्थ पेटी पुढ्यात घेऊन बसले होते, शेजारी दुसरे पखवाजावर. समोर सीमा, पदर खोचून, मांडी घालून. आणि पेटीच्या फळीला टेकवून ठेवलेले माझ्या हस्ताक्षरातले कागद.

पेटीवाले म्हणजे सीमाचे यजमान. कॉटन ग्रीनच्या एका गोदामात ते माल उतरवून घ्यायचं काम करतात. पण लालबागपासून कुडाळपर्यंत त्यांना गणपतबुवा म्हणूनच ओळखतात, कारण ते डबलबारीचे बुवा आहेत. ज्यांना डबलबारी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन भजनी बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गाऊन सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपली बारी आली की तिथल्या तिथे जवाब जुळवून गायचा, आणि जवाब संपतो न संपतो तोच उलटा सवाल टाकायचा. ज्याला उत्तर सुचत नाही, त्याची बारी गेली. लोक पहाटेपर्यंत बसून ऐकतात. मी मात्र तोवर कधी ऐकली नव्हती, दादरला आमच्याकडे नाट्यसंगीत.

मला बघून गणपतबुवा उठले, खुर्ची मागवली, आणि आतल्या कुणाला तरी विचारलं, “बाईंका चाय दिलास काय?” मी चहा नको म्हटलं आणि माझे कागद पेटीवर काय करतायत ते विचारलं. माझा आवाज चढला होता. बुवा शांत होते. त्यांनी सांगितलं की सीमा रोज रात्री भिंतीकडे तोंड करून उत्तरं घोकायची आणि रडायची. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, पाठ केलेलं घेऊन बारीला कोण बसत नाही.

“सवाल काय येतलो, ता आमका पण म्हायत नसता, बाई,” ते म्हणाले. “शब्द साठवन ठेवूचे. सवाल इलो की उत्तर बांधूचा. आणि उत्तर दिल्याबरोबर उलटो सवाल टाकूचो. गप रवलंस तर बारी गेली.”

मी म्हटलं, हा इंटरव्ह्यू आहे, भजन नव्हे. तर पखवाजावरचे शामराव, म्हातारे, गिरणीत जन्म काढलेले, ते म्हणाले, बाई, जरा बसा तर खरं. मी बसले, ते उठून जायला निमित्त सापडेना म्हणून.

शामरावांनी ठेका धरला. बुवांनी माझ्या कागदावरचा एक प्रश्न उचलला, त्यातले शब्द वाटेल तसे उलटेपालटे केले, आणि आपल्या मालवणी उच्चारांत तो सीमावर फेकला. ट्रे कमी पडले तर काय करशील, असा काहीतरी. सीमाने डोळे मिटले नाहीत. दोन मात्रा गेल्या असतील, आणि ती बोलली. आय अरेंज फ्रॉम अदर वॉर्ड, आय सेट स्मॉल ट्रे फर्स्ट. मोडकंतोडकं, पण तिचं, त्याच क्षणी जुळवलेलं. आणि श्वास न घेता तिने बुवांवर उलटा प्रश्न टाकला, गोदामात गोण्या कमी आल्या तर तुम्ही काय करता? इंग्रजीतच. बुवांना उत्तर येईना, तर शामराव पखवाज सोडून हसायला लागले. शेजारच्या खोल्यांतून बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

मला बुवांचा हेवा वाटला, आणि फार आनंद झाला, दोन्ही एकाच वेळी. माझ्या फळ्यावर जो गोतावळा नुसता बसून होता तो त्या गॅलरीत उठून चालायला लागला होता. पण चालायला लागला तो माझाच होता. अरेंज, सेट, गेट रेडी, सगळी माणसं मी ओळख करून दिलेली. मी पदर खोचला आणि म्हटलं, बुवा, प्रश्न मी देते, तुम्ही फेका.

पुढचे पंधरा दिवस मी दादरहून रोज संध्याकाळी गेले. मी शब्द पुरवायचे, बुवा ते उलटेपालटे करून टाकायचे, शामराव ठेका कमीजास्त करायचे. चुकलं की मी ओरडायचे, थांबलं की बुवा ओरडायचे. सीमा हॉस्पिटलातून येऊन, घरचा स्वयंपाक उरकून बसायची आणि आमच्या दोघांच्या मध्ये हलायची नाही. एकदा तिला ताप होता. मी म्हटलं आज राहू दे. तिने ऐकलं नाही. अंगावर शाल घेऊन बसली आणि प्रश्न मागत राहिली. मी कचेरीत खूप हुशार माणसं पाहिली, पण इतकी हट्टी एकही नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला बजावून सांगितली. इंटरव्ह्यू ही एकतर्फी बारी असते. तिथे फक्त ते विचारतात. उलटा सवाल टाकायचा नाही. बुवांना हे अजिबात आवडलं नाही, ती मग बारी कसली, असं ते पुटपुटले. सीमा म्हणाली, नाही टाकणार, बाई. तिने अगदी मनापासून सांगितलं. पण जित्याची खोड म्हणतात ती काही उगाच नाही, आणि ही खोड तर आम्हीच पंधरा दिवस खतपाणी घालून वाढवली होती.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. बुवा आणि शामराव फाटकाबाहेर थांबले, आत सोडणार नव्हते म्हणून. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर किचनला लागून जेवणाचा हॉल होता. त्याच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून कंपनीने ऑफिस केलेलं. भिंत वरपर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे बाहेरच्या बाकावर आतलं सगळं ऐकू येत होतं. बाकावर आणखी तिघी होत्या. त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकाच चुलीपाशी वर्षानुवर्षं काम केलेल्या बायका, आणि जागा एक.

आत दोघं होते. एक विनीत, कंपनीच्या एचआरमधला तरुण, बोलण्यावरून इकडचाच. दुसऱ्या बाहेरगावाहून आलेल्या मोठ्या मॅडम. सीमाला आत बोलावलं आणि मी बाकावर हातरुमाल पिळत बसले.

विनीतने सुरुवात केली. किचन सुरू व्हायच्या आधी तुम्ही काय करता, असं त्याने इंग्रजीत विचारलं. सीमा बोलायला लागली. ट्रे सेट करते, पथ्याप्रमाणे भाजी अरेंज करते, सहाच्या आत डायलिसिसवाल्यांचं रेडी करून ठेवते. सावकाश, पण ठामपणे. मी खूश झाले. आणि तेवढ्यात तिचा आवाज आला, “अँड यू, सर? ऑफिस ओपन होण्याआधी, यू डू व्हॉट?”

मी कपाळावर हात मारला. विनीत मात्र हसला. चहा पितो आणि मेल बघतो, असं सांगितलं त्याने. मग दुसरा प्रश्न. दोन बायका अचानक आल्या नाहीत तर? सीमाने सांगितलं, चपातीकडची एक घेते, स्वतः अर्धा तास आधी येते, जमवते. आणि लगेच, युअर कंपनीत दोन माणसं ॲब्सेंट, तर कोण येतं, सर? या वेळी विनीत हसला नाही, त्याने घसा साफ केला. मी बाकावरून उठून भिंतीपाशी गेले. तिला आत जाऊन गप्प बसवावं असं मला वाटत होतं.

ते काम मॅडमनी केलं. रागावून नाही, पण कडी घातल्यासारखं. “सीमा, हिअर वी आस्क द क्वेश्चन्स.”

सीमा सॉरी म्हणाली आणि मग काहीच नाही. मला कळलं काय झालंय ते. तिचं इंग्रजी उलट्या सवालाच्या जोरावर उभं होतं. फेकायला काही असलं की ती झेलू शकत होती. आता आम्ही शिकवलेली चालच काढून घेतली होती. मॅडमनी प्रश्न विचारला, तिचं उत्तर आलं नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला. ‘टेल मी अबाउट अ टाइम व्हेन यू वेअर नॉट प्रिपेअर्ड.’ तयारी नसताना प्रसंग ओढवला, असं कधी झालं ते सांगा.

हा प्रश्न माझ्या कागदावर होता. त्याचं उत्तर मीच लिहिलं होतं, गॅस मध्येच संपला आणि शेगड्या मागवल्या त्या दिवसाचं. मी भिंतीला तोंड लावून ते पुटपुटायला लागले, जणू तिला ऐकू जाणार होतं. बाकावरच्या तिघी माझ्याकडे बघत होत्या. आत कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं, उठली. संपलं.

“टुडे, मॅडम,” सीमा म्हणाली.

मॅडमनी सॉरी? असं विचारलं.

“टुडे. आय प्रिपेअर्ड विथ आस्किंग. यू सेड, नो आस्किंग. धिस आय डिड नॉट प्रिपेअर.” ती थांबली. मग एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. “बट आय ॲम हिअर. आय ॲम नॉट गोइंग. यू आस्क नेक्स्ट.”

मी खाली बसले. मी तिला शिकवलेल्या एकाही वाक्यात हे नव्हतं, बुवांच्याही नव्हतं. त्या बाईने रिकाम्या हाताने उभं राहून बांधलं होतं ते.

मॅडमनी खरंच पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. सीमा उत्तरं देत गेली. अडखळत, शब्द ओढून काढत, कधी एक शब्द दोनदा वापरत. उलटा सवाल एकही नाही. पहिल्या दोन उत्तरांसारखी ऐट नव्हती, पण एकाही प्रश्नावर ती गप्प राहिली नाही. पिशवीतली भाजी खराब निघाली तर, डॉक्टरांनी ऐन वेळी पथ्य बदललं तर, बायका ऐकेनाशा झाल्या तर. बराच वेळ चाललं हे. विनीतचा आवाज मधूनमधून, मॅडमचा जास्त.

शेवटी मॅडमनी कागद आवरले असावेत. मग तो प्रश्न आला जो सगळे साहेब सगळ्यांना विचारतात. “एनी क्वेश्चन्स फॉर अस?” ती एक रीत असते. साहेबाने विचारायचं, उमेदवाराने ‘नो, थँक यू’ म्हणून नमस्कार करून निघायचं. माझ्या आयुष्यात मी शेकड्यांनी ‘नो, थँक यू’ ऐकले आहेत. ही रीत सीमाला सांगायची मला आठवणच राहिली नव्हती.

“आय कॅन आस्क?” सीमाचा आवाज. “नाऊ?”

“येस,” मॅडम म्हणाल्या.

या वेळी ठेका नव्हता, घाई नव्हती. ती पूर्ण श्वास घेऊन बोलली.

“फोर सुपरवायझर्स केम हिअर, मॅडम. ऑल फोर, आय ट्रेन्ड. आय गॉट देम रेडी. टिल टुडे, व्हाय नोबडी आस्क्ड मी?”

बाकावरची एक बाई दुसरीचा हात धरून बसली होती. तिला इंग्रजी कितपत कळलं कोण जाणे, पण ‘फोर सुपरवायझर्स’ कळलं असावं. आत विनीत काहीतरी बोलायला लागला, ते जुन्या कंत्राटदाराचं धोरण होतं, आमची कंपनी वेगळी, वगैरे. मॅडमनी त्याला थांबवलं. मग हळू आवाजात त्या एवढंच म्हणाल्या, “थँक यू, सीमा.”

ती बाहेर आली तेव्हा घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. बाकावरच्या तिघींपाशी थांबली, एकीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि चालायला लागली. मी तिच्या मागून.

पुढच्या आठवड्यात विनीतचा फोन आला. जागा तिला मिळाली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. कार्ड, फोटो, सगळं रीतसर झालं. बाकीच्या तिघींपैकी दोघी भिवंडीला जायला लागल्या आणि एक घरी बसली, त्याचं सीमाला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण निकाल फोनवर लागला असं मी मानत नाही. तो त्या दिवशी फाटकापाशीच लागला, फोन यायच्या कितीतरी आधी.

गणपतबुवा आणि शामराव रस्त्याच्या कडेला झाडाखाली उभे होते. आम्ही दिसलो तसे पुढे आले. बुवा माझ्याकडे बघत होते, मी काही सांगेन म्हणून. मी सीमाकडे बोट केलं. ते सांगायचं माझं नव्हतं.

“काय झाला गो?” त्यांनी सीमाला विचारलं. “तेंनी काय विचारल्यानी?”

“तेंनी खूप विचारल्यानी,” सीमा म्हणाली. “शेवटाक मी एकच विचारलंय.”

“मगे?”

तिने पदराने तोंड पुसलं.

“समोरून उत्तर नाय इला.”